क्यूआर कोडची पाठ्यपुस्तके
पाठ्यपुस्तकात छापलेला चौकोनी संकेत मोबाइलने स्कॅन करून पाठाशी निगडित ध्वनिफीत, चित्रफीत वा स्वाध्याय उघडण्याची सोय. महाराष्ट्रात तिचा पाया माढा तालुक्यातील (जि. सोलापूर) परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी घातला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने म्हणजे बालभारतीने ती स्वीकारली, त्यामुळे शनिशिंगणापूरच्या मुलालाही घरच्या मोबाइलवर कविता चालीत ऐकता येते. डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. पुरस्काराच्या १० लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना दिली, हे विशेष गौरवास्पद. पाठ्यपुस्तकांतील हे संकेत २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या डिजिटल मंचावर उघडतात; तेथे शिक्षक-प्रशिक्षणही होते. मात्र रेंज नसलेल्या वस्तीवर सारी भिस्त अजून खडू-फळ्यावर आणि शिक्षकावरच असते.