साठ मुंडकी आणि एक तलाव

विजयनगरचा इतिहास सगळे हरिहर-बुक्कापासून सुरू करतात. 1336 साल, तुंगभद्रेचा काठ, मग राजे, मग देवळं, मग 1565 ची तालिकोटची लढाई आणि राख. मी तलावापासून सुरू करतो. फुटक्या तलावापासून.

1520 च्या सुमाराला दोमिंगो पाइश नावाचा पोर्तुगीज तिथं आला. गादीवर कृष्णदेवराय. आजच्या होसपेटजवळ डोंगरांच्या तोंडाशी मोठ्या तलावाचं काम चालू होतं. पंधरा-वीस हजार माणसं राबत होती. पाइशला ती मुंग्यांसारखी दिसली. त्यांच्या पायाखालची जमीन दिसत नव्हती, असं तो म्हणतो. बांध दोन-तीनदा फुटला. राजानं ब्राह्मणांना विचारलं. ते म्हणाले, देव कोपलाय, त्याला रक्त पाहिजे. माणसांचं, घोड्यांचं, रेड्यांचं. लगेच देवळाच्या दारात साठ माणसांची मुंडकी उडवली. घोडे-रेडे वेगळे.

पंधराएक वर्षांनी नूनीश हा घोड्यांचा व्यापारी आला. तोही ही गोष्ट लिहितो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मारलेली माणसं मरणाच्या शिक्षेला लायक ठरलेले कैदी होते. म्हणजे हिशेब चोख! गोव्याच्या गव्हर्नरनं धाडलेल्या पोर्तुगीज पाथरवटाचं नाव तो देतो: जुआंव द ला पोन्त. साठांतलं एकही नाव नाही. मुंगीला नाव कोण ठेवतं?

पुढं तलाव झाला. त्याच्या पाण्याखालची जमीन नऊ वर्षं फुकट कसायला दिली, मग महसूल सुरू झाला, वीस हजार परदाव. नूनीशनं हाही आकडा दिलाय.

हे दोन्ही वृत्तान्त रॉबर्ट सिवेल या इंग्रज अंमलदाराच्या 1900 सालच्या पुस्तकात आहेत. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात दिवसा डिक्शनरी उशाला घेऊन मी ते वाचलं, आणि सुट्टी मिळाली तसा सोलापूरहून गदगमार्गे होसपेटला निघालो.

हंपीत लोक गोपुराकडं माना वर करून बघतात. मी खाली बघत हिंडलो. तिथल्या खडकात चौकोनी खाचा ओळीनं मारलेल्या आहेत, उसवलेल्या शिवणीसारख्या. त्या खाचांत पाचरा ठोकून दगड फोडत. काही खडक अर्धेच फुटून राहिलेत. बाकी काहीही झालं असेल, पण ह्या ओळी मारणाऱ्याचा हात सरळ होता. दगडमातीचं काम पिढ्यान्‌पिढ्या करणारा वडार आमच्या सोलापुरातही आहे. त्याला ह्या ओळी दाखवल्या तर तो मला चार गोष्टी जास्त सांगेल.

राजवाड्याच्या आवारात पायऱ्यांची एक पुष्करणी आहे. 1980 नंतरच्या उत्खननात ती मातीखालून निघाली. काळसर दगड, पायऱ्यांचे टप्पे खाली खाली उतरत गेलेले. त्या दगडांवर खुणा कोरल्यात: हा दगड कुठल्या दिशेचा, कितव्या ओळीतला, कितव्या जागेचा. घडवणारे एकीकडं, बसवणारे दुसरीकडं, म्हणून ही सोय. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. आमच्याकडंही पेटीवर साच्याचा नंबर, पाळीचा नंबर पडतो. सूत खराब निघालं की त्या नंबरावरून माणूस धरतात. चांगलं निघालं तर नंबर कुणी वाचत नाही. ह्या पायऱ्यांवरच्या खुणा मी एकेक बोट फिरवून वाचल्या. अर्थ लागला नाही तरी वाचल्या.

मग विठ्ठलाचं देऊळ. ते दगडी रथाचं, पन्नासच्या नोटेवर 2017 पासून आलेलं. गाभारा रिकामा. आपल्याकडं सांगतात की पंढरीचा विठोबा कृष्णदेवरायानं इथं नेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला. गोष्ट खरी धरली तरी मला दुसरंच आठवत होतं. विजयनगर वसलं त्यानंतर दोनच वर्षांनी, 1338 साली, मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले, असं परंपरा सांगते. वेठीचं काम होतं. विठोबाच्या दारात पाऊल टाकायची बंदी, आणि भिंत बांधायला मात्र चोखोबा पाहिजेत.

हे शहर मोडलं कुणी, यावर फार वाद घालतात. सुलतानांच्या फौजांनी लुटलं, जाळलं, हे खरंच. विरुपाक्षाचं देऊळ मात्र उभं राहिलं आणि तिथं आजही पूजा चालते. बेल्लारी जिल्हा तेव्हा मद्रास इलाख्यात होता. त्या इलाख्याचा मंदिरप्रवेशाचा कायदा झाला 1947 साली. म्हणजे विजयनगर वसल्यापासून 611 वर्षांनी. त्याची चर्चा तालिकोटइतकी होत नाही.

विरुपाक्षासमोरच्या जुन्या बाजाराच्या दगडी मंडपांत लोक संसार थाटून राहत होते, चहा-इडली विकत होते. 1986 साली हंपी जागतिक वारशाच्या यादीत गेली. जुलै 2011 मध्ये त्या मंडपांतली घरं बुलडोझरनं पाडली. वारसा मोकळा झाला.

एक गोष्ट मात्र मोडली नाही. विजयनगरच्या काळातला तुर्तू कालवा अजून वाहतो. त्यावर भात आहे, केळी आहे. चिखलात वाकून रोप लावणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशीला मी माझ्या सोलापुरी कानडीत विचारलं, हा कालवा कुणी बांधला?

"रायानं," ती म्हणाली. मग कंबर सरळ करून, "गाळ आम्ही काढतो."