हिजरतीला गेलेले आणि परत आलेले

'हिजरत' हा शब्द मुस्लिम वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. इ.स. 622 मध्ये प्रेषितांनी मक्का सोडून मदिना गाठले, तेव्हापासून आपली कालगणना सुरू होते. छळ असह्य झाल्यावर घरदार सोडणे, असा त्याचा अर्थ. पण इतिहासात या शब्दाचा वापर लोकांना घराबाहेर काढण्यासाठीही झाला आहे. एकदा 1920 साली आपल्याच देशात झाला, आणि दुसऱ्यांदा 2014 नंतर, जेव्हा मोसुलमधून खिलाफतीची घोषणा करून जगभरच्या तरुणांना 'हिजरत करा' असे सांगण्यात आले. गेलेल्यांपैकी जे जिवंत राहिले, त्यांना परत घरी येऊ द्यायचे की नाही, हा प्रश्न दोन्ही वेळा उभा राहिला.

दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत याचे उत्तर एका वाक्यात मिळते: "गेले ना? मग तिकडेच मरू द्या." दुसऱ्या बाजूला आपल्यातलेच काही जण "पोरं होती, फसवली गेली" म्हणून विषय मिटवतात. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. आधी इतिहास पाहू.

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरले. खिलाफत राहणार की नाही, या चिंतेने हिंदी मुसलमान अस्वस्थ होते. 1920 च्या उन्हाळ्यात हिंदुस्थान 'दारुल हर्ब' झाला आहे, येथून हिजरत करावी, असा प्रचार सुरू झाला. मोठ्या उलेमांचे फतवे त्यामागे होते. मौलाना आझादांनीही हिजरतीच्या बाजूने फतवा दिला होता. अफगाणिस्तानचे अमीर अमानुल्ला यांनी येणाऱ्यांचे स्वागत करण्याची भाषा केली. सिंध, पंजाब आणि मुख्यतः सरहद्द प्रांतातून लोक निघाले. आकड्यांबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत; कोणी अठरा हजार म्हणतो, कोणी त्याच्या तिप्पट. शेतकऱ्यांनी जमिनी, बैल, भांडीकुंडी मातीमोल भावाने विकली आणि खैबरची वाट धरली.

काही आठवड्यांतच अफगाणिस्तानला हा भार पेलेना. ऑगस्ट 1920 मध्ये अमिरांनी नव्या लोकांना येण्यास मनाई केली. ना जमीन, ना काम, ना अन्न. लोक परत फिरले. उन्हाने, तहानेने, रोगराईने वाटेत कितीतरी जण गेले. जे घरी पोहोचले त्यांच्या घरात दुसराच राहत होता. आणि ज्या पुढाऱ्यांनी त्यांना वाट दाखवली होती, त्यांतले बहुतेक हिंदुस्थानातच होते.

ब्रिटिश सरकारने या परतणाऱ्यांचे काय केले? ते सरकार काही दयाळू नव्हते. अमृतसरच्या जालियनवाला बागेला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. तरीही सरहद्द प्रांताच्या प्रशासनाने परतणाऱ्यांना अडवले नाही. उलट, विकलेल्या जमिनी त्यांना परत मिळाव्यात म्हणून मध्यस्थी केली. हिशेब साधा होता. सीमेवर हजारो भुकेले, चिडलेले, घर नसलेले लोक ठेवण्यापेक्षा त्यांना शेतावर परत पाठवणे राज्याच्या फायद्याचे होते.

पण सगळे मुहाजिर घरी परतले नाहीत. काही तरुण तुर्कस्तानच्या वाटेने मध्य आशियात शिरले आणि ताश्कंदला पोहोचले. तिथे ऑक्टोबर 1920 मध्ये मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पुढाकाराने हिंदी कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला, त्यात या मुहाजिरांचा वाटा होता. काहींनी लष्करी शिक्षण घेतले, काही मॉस्कोच्या विद्यापीठात शिकले. पुढे ते हळूहळू मायदेशी आले, तेव्हा सरकारने त्यांना वेगळ्या रांगेत उभे केले. 1922 ते 1927 या काळात त्यांच्यावर पेशावर कटाचे खटले चालले. मुहम्मद अकबर खान यांना पहिल्या खटल्यात तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. शौकत उस्मानी पुढे कानपूर आणि मेरठच्या खटल्यांतही आरोपी होते.

हे खटले न्याय्य होते असे मी म्हणत नाही. मॉस्कोला जाऊन शिकले, एवढ्यावरच काहींना शिक्षा झाल्या. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. परक्या सत्तेलाही 'गेलेले सगळे सारखे' असे म्हणून चालले नाही. फसलेला शेतकरी वेगळा आणि बंदूक शिकून आलेला वेगळा, असा फरक करावा लागला. आणि दोघांनाही आधी देशात येऊ द्यावे लागले. त्याशिवाय फरक करणार कसा?

आता आपल्या काळाकडे येऊ. इथे एक फरक आधीच ठळकपणे सांगायला हवा. 1920 चे मुहाजिर भाबडे होते, पण त्यांनी कोणाला गुलाम केले नव्हते. आयसिसने केले. सिंजारच्या यझिदी स्त्रियांचा बाजार मांडला, पुरुषांना खड्ड्यांत पुरले, शियांना मारले, न जुमानणाऱ्या सुन्नींनाही मारले. सप्टेंबर 2014 मध्ये जगभरच्या शंभराहून अधिक विद्वानांनी बगदादीला खुले पत्र लिहून त्याचा एकेक दावा खोडून काढला. 2015 मध्ये मुंबईतून हजारावर उलेमा आणि इमामांच्या सह्यांचा आयसिसविरोधी फतवा निघाला. त्यामुळे या मंडळींकडे जाण्याला हिजरत म्हणणे हा त्या शब्दाचाच अपमान आहे.

ऐंशीहून अधिक देशांतून सुमारे 40 हजार माणसे तिकडे गेली. भारताची मुस्लिम लोकसंख्या पाहता इथून गेलेले अगदी थोडे. पण थोड्यांतही आपल्या दारचे होते. मे 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण इराकमधील पवित्र स्थळांच्या यात्रेला म्हणून गेले आणि तिथून नाहीसे झाले. त्यांतला एक, अभियांत्रिकीचा विद्यार्थी, त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी तुर्कस्तानमार्गे परत आला. त्याला परत आणण्यासाठी त्याचे कुटुंब तपास यंत्रणांच्या संपर्कात होते, हे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याला अटक केली. खटला सुरू राहिला, साक्षीदार संपेनात. शेवटी फेब्रुवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा जामीन कायम ठेवला, तेव्हा त्याला आत जाऊन सहा वर्षे उलटली होती आणि शंभरावर साक्षीदार तपासायचे बाकी होते.

त्याने तिकडे काय केले हे न्यायालयाने ठरवायचे; मी ठरवणार नाही. पण या प्रकरणाकडे मी त्या घरातल्या माणसांच्या बाजूने पाहतो. मुलगा चुकीच्या वाटेला लागला हे आईवडिलांना पोलिसांच्या आधी कळते. त्या क्षणी बाप पोलीस ठाण्याची पायरी चढेल की दार लावून घेईल, यावर बरेच काही अवलंबून असते. तक्रार केल्यावर पोराचा न्याय वेळेत होईल, दोषी असेल तर शिक्षा आणि नसेल तर सुटका, असा भरवसा असेल तरच तो जाईल. निकालच लागत नसेल, तर शेजारचा बाप त्यातून गप्प राहण्याचा धडा घेईल.

दुसरे उदाहरण केरळशी संबंधित आहे. इराकमध्ये आयसिसकडे जाऊन आलेला एक जण 2015 मध्ये भारतात परतला आणि सुमारे वर्षभराने पकडला गेला. कोचीच्या विशेष न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये त्याला जन्मठेप दिली. भारताशी मैत्री असलेल्या आशियाई राष्ट्राविरुद्ध युद्ध करणे हा आपल्या दंडसंहितेत इंग्रजांच्या काळापासून गुन्हा होता. त्याच कलमाचा इथे उपयोग झाला. म्हणजे कायदा आहे, तो वापरता येतो आणि शिक्षाही होते. आरोपी देशात मात्र हवा.

तिसरे उदाहरण अधिक अवघड आहे. 2016 मध्ये केरळमधून वीसेक जणांचा एक गट अफगाणिस्तानच्या नांगरहारला गेला. पुरुष मारले गेले. काही बायका शरण आल्या आणि लहान मुलांसह काबूलच्या तुरुंगात पोहोचल्या. त्यांना परत घ्यायचे की नाही यावर निर्णय लांबत गेला. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान काबूलमध्ये शिरले आणि तुरुंगांचे दरवाजे उघडले गेले. एका वडिलांनी मुलगी आणि नातीसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. जानेवारी 2022 मध्ये न्यायालयाने सरकारला आठ आठवड्यांत निर्णय घ्यायला सांगितले. त्या बायकांबद्दल कोणाला सहानुभूती वाटो वा न वाटो, पाचसात वर्षांच्या मुलाने कोणता कट रचला?

ब्रिटनने वेगळा मार्ग घेतला. 2015 मध्ये पूर्व लंडनमधील शमीमा बेगम ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी दोन मैत्रिणींसोबत सीरियाला गेली. 2019 मध्ये ती निर्वासितांच्या छावणीत सापडली, तेव्हा तिचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. तिचे आईवडील बांगलादेशी वंशाचे, म्हणून ती बांगलादेशाची नागरिक ठरते, असा युक्तिवाद झाला. बांगलादेशाने तिला घेण्यास नकार दिला. तिची दोन मुले आधीच गेली होती. तिसरे तान्हे बाळ त्या मार्चमध्ये छावणीतच दगावले. 2021 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने खटला लढण्यासाठीही तिला देशात येऊ देण्यास नकार दिला.

शमीमा निर्दोष आहे, असे माझे म्हणणे नाही. पण ज्याचे आजोबा-पणजोबा इंग्लंडचेच, अशा गोऱ्या मुलाने हेच केले असते तर त्याचे नागरिकत्व काढता आले नसते, कारण त्याला ढकलायला दुसरा देशच नाही. म्हणजे गुन्हा एक, पण नागरिकत्व दोन प्रतीचे. आपल्याकडे 1955 च्या नागरिकत्व कायद्यात जन्माने नागरिक असलेल्याचे नागरिकत्व सरकारला असे काढून घेता येत नाही. ही तरतूद आपल्या सगळ्यांचे संरक्षण आहे. "त्यांचे काढून घ्या" अशी मागणी करणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की दार एकदा उघडले की त्यातून कोणाला बाहेर काढायचे हे आपण ठरवत नसतो.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. नोव्हेंबर 2015 मध्ये पॅरिसमध्ये 130 माणसे मारली गेली आणि मारेकऱ्यांतले अनेक जण सीरियात जाऊन आले होते. ही भीती खरी आहे. ती नाकारणाऱ्याशी मी सहमत नाही. पण ते कसे आले हेही पाहा. ते पोलिसांच्या गाडीत बसून आले नव्हते. चोरवाटांनी, खोट्या नावांनी आले होते. ऑक्टोबर 2019 मध्ये तुर्की फौजा उत्तर सीरियात शिरल्यावर छावण्यांतून शेकडो जण पळाले. जानेवारी 2022 मध्ये हसाकाच्या तुरुंगावर आयसिसने हल्ला केला. दूरच्या छावणीत ठेवलेला माणूस संपत नाही, तो फक्त आपल्या नजरेआड होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पीडितांचे काय? 2015 मध्ये इराकमधील फलुजात पाच वर्षांच्या एका यझिदी मुलीला उन्हात साखळीने बांधून ठेवले गेले आणि ती तहानेने मेली. त्या घरची बाई जर्मन होती. ती तुर्कस्तानातून जर्मनीत परत पाठवली गेली होती, म्हणून म्युनिकच्या न्यायालयात तिच्यावर खटला चालू शकला. त्या मुलीची आई साक्षीला उभी राहिली. आरोपी बाईला आधी दहा आणि नंतर चौदा वर्षांची शिक्षा झाली. तिच्या नवऱ्याला 2021 मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयाने वंशसंहाराबद्दल जन्मठेप दिली. जर्मनीने "तिकडेच मरू द्या" म्हटले असते, तर त्या आईला आपले म्हणणे सांगायला न्यायालय मिळाले नसते.

म्हणून माझे मत असे आहे. आपल्या नागरिकाला परत येऊ द्यावे, पण त्याच्यासाठी दार विमानतळावरच्या तपास अधिकाऱ्यासमोर उघडावे. चौकशी व्हावी, खटला व्हावा आणि तो दोन-तीन वर्षांत संपावा. दोषीला पूर्ण शिक्षा व्हावी. मुलांना आजीआजोबांकडे सोपवावे. आणि जे अजून गेलेले नाहीत, त्यांना अटकेआधी गाठावे. 2015 मध्ये पुण्यातील सोळा वर्षांची एक मुलगी सीरियाला जायच्या विचारात असल्याचे कळले, तेव्हा महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने तिला तुरुंगात न धाडता कुटुंब आणि उलेमांच्या मदतीने समजावले. तेव्हा पथकाने जे केले, त्याचे कौतुक आपण पुरेसे केले नाही.

आपल्या समाजाच्या वाट्यालाही एक काम येते. 1920 च्या हिजरतीबद्दल उर्दू शाळांतल्या आपल्या मुलांना आपण काय सांगतो? बहुधा खिलाफत चळवळीच्या धड्यातली एक ओळ. खैबरच्या वाटेवर मेलेल्यांबद्दल, विकलेल्या बैलांबद्दल, फतवा देऊन घरी राहिलेल्यांबद्दल काही नाही. ही गोष्ट नववी-दहावीच्या मुलाला नीट सांगितली, तर मोबाइलवर कोणी हिजरतीची हाक दिली तेव्हा तो निदान एक प्रश्न विचारील: तुम्ही स्वतः निघालात का?