खापर ऑक्साइडवर का?

हौसेनं प्रतिकृती घडवणाऱ्यांत एक मत वेदवाक्यासारखं चालतं. मग तो ठाण्यात १६ एप्रिल १८५३ ला पोचलेल्या पहिल्या गाडीचं इंजिन करणारा असो की डोंबिवलीच्या गॅलरीत बसून डाकोटा विमान जुळवणारा. मत असं: ॲल्युमिनियमचा भाग बफवरून उतरला की हवा लागायच्या आत त्यावर क्लिअर लॅकर मारा, नाहीतर ऑक्साइड चढतो आणि चकाकी जाते. मला हे मान्य नाही. यात रोग चुकीचा ओळखला आहे, त्यामुळे औषधही चुकलं आहे.

आधी हवेचं पाहू. उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा क्षणार्धात धरतो. बफचं चाक पुढे सरकतं आणि मागे तो तयार असतो. म्हणजे लॅकर बसतो तोही ऑक्साइडवरच. या पापुद्र्याची जाडी २ ते ४ नॅनोमीटर, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. इतका पातळ, रंगहीन, पारदर्शक थर आरशाची झळाळी घालवील कसा? उलट खालच्या धातूला हवेपासून तोच वाचवतो. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधला, इरॉस म्हणून ओळखला जाणारा ॲल्युमिनियमचा पुतळा १८९३ मध्ये उभा राहिला. कोळशाच्या धुरातूनही तो टिकला.

पूर्वपक्ष म्हणेल, टिकला खरा, पण चमकतो कुठे? शंका रास्त आहे. मग चमकणारं उदाहरण घ्या. अमेरिकन एअरलाइन्सनं २०१३ मध्ये रंगसंगती बदलेपर्यंत आपली विमानं कित्येक दशकं बिनरंगाची, घासूनपुसून झळाळती ठेवली. मिश्रधातूच्या पत्र्यावर जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचा थर आणि वेळोवेळी पॉलिश, यावर ते काम भागत होतं.

मग आपल्याकडे चकाकी जाते कशानं? हा पापुद्रा साधारण ४ ते ८.५ पीएचच्या मध्ये सुखानं राहतो. त्याखाली आम्ल त्याला खातं, त्यावर अल्कली. आपल्या आज्या ताक किंवा सोलकढी जर्मनच्या भांड्यात ठेवत नसत आणि त्याला धुण्याचा सोडा लावत नसत, ते याचसाठी. पीएच हा शब्द त्यांना लागला नाही. खरा घातकी मात्र क्लोराइड. घामातलं मीठ, खाडीवरून येणारी खारी हवा आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे न सुकणारी ओल एकत्र आली की पापुद्रा ठिकठिकाणी फुटतो आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. त्या खड्ड्यांवर प्रकाश विखुरतो आणि आपण म्हणतो, ऑक्साइड चढला. एमआयडीसीच्या वाऱ्याच्या दिशेला घर असेल तर आम्लाच्या वाफांची भर. खाचेत सुकलेली पॉलिशची पेस्ट आणि थेट धातूत आवळलेला पितळी स्क्रू ही तर घरचीच दुखणी. ओल मिळाली की पितळ शाबूत राहतं आणि त्याच्या कडेचं ॲल्युमिनियम झिजतं.

यावर लॅकर काय करतो? आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर त्याला पकडच मिळत नाही. प्रतिकृती हातात फिरली, एक ओरखडा आला, की ओल त्याच्या पोटात शिरते आणि थराखाली दोऱ्यासारख्या वाकड्या रेषा धावू लागतात. त्या पुसताही येत नाहीत. सगळा लॅकर उतरवून पुन्हा बफपासून सुरुवात. काचेच्या पेटीत ठेवायची, कुणी हात न लावायची वस्तू असेल तर मात्र चांगला दोन घटकांचा क्लिअर कोट चालतो, एवढं मी सोडून देतो.

माझं मत उलट आहे. ऑक्साइड अडवू नका, वाढवा. अ‍ॅनोडायझिंग म्हणजे दुसरं काय? सल्फ्युरिक आम्लात वीज सोडून तोच थर ५ ते २५ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे काही हजार पट जाड करायचा आणि उकळत्या पाण्यात त्याची छिद्रं बुजवायची. झळाळी थोडी कमी होते, म्हणून थर ५ मायक्रॉनच्या आसपास मागावा. वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यात एका नगासाठी टाकी लावायला सांगण्यापेक्षा चालू लॉटमध्ये आपला नग टाकायला सांगणं शहाणपणाचं.

अट एकच, धातू योग्य हवा. स्लायडिंग खिडक्यांच्या सेक्शनचा ६०६३ उत्तम. डायकास्ट भागात सिलिकॉन भरपूर, त्यामुळे तो करडा होऊन येतो. भंगारातून आणलेला दांडा कसला आहे हे कळत नसेल तर मागच्या बाजूला कॉस्टिकच्या द्रावणाचा थेंब टाका. हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्या हवेत. धुतल्यावर काळा डाग राहिला तर तांबं किंवा सिलिकॉन जास्त आहे आणि अ‍ॅनोडायझिंगचा नाद सोडावा. असा भाग स्पिरिटनं नीट पुसून त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन किंवा गाडीचं कार्नोबा मेण चढवा, मेअखेरीस एकदा आणि पाऊस सरल्यावर पुन्हा. पितळी स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर आणि मळसूत्रालाही थोडं मेण.