देवनागरी मजकूर-संपादन, संगणकावरील
संगणकावर मजकूर लिहिणे, दुरुस्त करणे व साठविणे यांसाठी वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीस मजकूर-संपादक म्हणतात. मराठीसाठी त्याची सुलभता प्रचालन प्रणाली अक्षरे कशी साठविते व जुळविते, यावर मुख्यतः अवलंबून राहिली. बीड जिल्ह्यातील तालुक्यांच्या नावांवरून हे स्पष्ट होते.

हा जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता व तेथील राजभाषा उर्दू होती. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी राजभाषा ठरली. पुढे दप्तर संगणकावर आले, तेव्हा नावांच्या अचूक नोंदीचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला.

एमएस-डॉस या प्रणालीत देवनागरीची सोय नव्हती. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने (स्थापना १९८८) प्रसृत केलेले ‘जिस्ट’ कार्ड बसविल्यावर वर्डस्टारसारख्या इंग्रजी संपादकांतही मराठी लिहिता येई. १९९१ मध्ये ‘इस्की’ ही संकेतप्रणाली भारतीय मानक ठरली. तीत अक्षरे उच्चारक्रमाने साठविली जात.

विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत मात्र रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरी आकार बसविलेले टंक रूढ झाले. अशा मजकुरात ‘शिरूर’ या नावातील ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी साठविली जाई. त्यामुळे अकारविल्हे यादीत ते नाव ‘श’खाली येत नसे. टंक बदलताच मजकूर दुर्बोध होई.

यूनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत (१९९१) देवनागरीचा अंतर्भाव झाला. विंडोज ९८ मधील नोटपॅडला यूनिकोड हाताळता येत नसे. विंडोज २००० मधील नोटपॅडमध्ये देवनागरी लिहिता येऊ लागली. त्यात ‘आष्टी’ हे नाव आ, ष, हलन्तचिन्ह, ट व दीर्घ वेलांटी अशा पाच संकेतांनी साठविले जाते. मागे खोडण्याच्या कळीने प्रथम केवळ वेलांटी जाते. पुढील अक्षर पुसण्याच्या कळीने मात्र ‘ष्टी’ हे संपूर्ण जोडाक्षर नाहीसे होते. लिनक्समधील खिडकीयुक्त संपादकांत हे नाव नीट दिसते. परंतु समान रुंदीच्या चौकटींवर आधारलेल्या टर्मिनल-पटलावर जोडाक्षरे अनेकदा विस्कटतात. शिवाय ओळ संपल्याची खूण दोन्ही प्रणाल्यांत भिन्न असल्याने लिनक्सवरील मजकूर नोटपॅडमध्ये सलग दिसे. हा दोष २०१८ मध्ये दूर झाला.

समान संकेतांमुळे मजकूर आता एका प्रणालीतून दुसरीत अर्थहानी न होता नेता येतो. तथापि जुन्या टंकांतील मजकुराचे रूपांतर करून तो तपासून घेणे आवश्यक असते. अन्यथा एखाद्या खातेदाराचे नाव कागदावर स्पष्ट दिसूनही संगणकाच्या शोधात सापडत नाही.