घरोघर जाणारी परिचारिका

श्रोतेहो, रुग्णालयांतील परिचारिका आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या पाठीशीं डॉक्टर असतो, औषधशाळा असते, आणि अडचण पडली तर हांक मारतांच कोणी तरी धांवून येतें. परंतु जी परिचारिका एकटीच पिशवी घेऊन कोणाच्या घराची कडी वाजविते, तिची स्थिति निराळी. तेथें रोगी समोर असतो आणि डॉक्टर दूर असतो. अशा वेळीं तिला किती करतां यावें, आणि तिच्या हातीं किती अधिकार असावा? गेल्या दीडशेंहून अधिक वर्षांचा गृहशुश्रूषेचा इतिहास या एका प्रश्नाभोंवतीं फिरत आला आहे.

त्याचा एक महत्त्वाचा आरंभ इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं झाला. विल्यम रॅथबोन या धनिक व्यापाऱ्याची पत्नी १८५९ सालीं निवर्तली. तिच्या अखेरच्या दुखण्यांत मेरी रॉबिन्सन नांवाच्या परिचारिकेनें तिची सेवा केली होती. कशाची वाण नसलेल्या आपल्या घरींही या सेवेचा एवढा आधार वाटला, तर गरिबांच्या घरीं रोग्यांचें काय होत असेल, असा विचार रॅथबोनच्या मनांत आला. त्यानें रॉबिन्सनबाईंनाच तीन महिन्यांसाठीं आपल्या खर्चानें गरीब वस्तींत पाठविलें. महिना झाला आणि तेथील दैन्य पाहून बाई खचल्या. या कामांतून मोकळें करा, असें त्यांनीं विनविलें. रॅथबोननें धीर दिला. तीन महिने पुरे होतांच मात्र हेंच काम पुढें चालवावें असें त्यांना वाटूं लागलें.

पण एका बाईनें सबंध शहर कसें सांभाळावें? रॅथबोननें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला. परिचारिका मिळत नसतील तर त्या शिकवून तयार करा, हें त्या सल्ल्याचें सार. त्याप्रमाणें लिव्हरपूलच्या रुग्णालयाला जोडून शिक्षणशाळा निघाली. पुढें शहराचे १८ विभाग पाडून विभागवार परिचारिका नेमण्यांत आल्या. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवांत स्त्रियांनीं जमविलेल्या निधीपैकीं ७०,००० पौंड याच कार्याला मिळाले. अधिकाराची वांटणी मात्र जुनीच राहिली: औषध ठरवावें डॉक्टरनें, द्यावें परिचारिकेनें.

न्यूयॉर्कमध्यें १८९३ सालीं लिलियन वाल्ड ही तरुण परिचारिका निर्वासितांच्या वस्तींत गृहशुश्रूषेचा वर्ग घेत होती. एक लहान मुलगी तिला आपल्या आजारी आईकडे घेऊन गेली. ती बाळंतीण रक्तस्रावानें अंथरुणाला खिळली होती, आणि फी मिळत नाहीं म्हणून डॉक्टर तिला सोडून गेला होता. वाल्डबाईंनीं त्याच वस्तींत बिऱ्हाड केलें. त्यांतूनच हेन्री स्ट्रीटची प्रसिद्ध संस्था उभी राहिली. डॉक्टरच्या चिठ्ठीची वाट न पाहतां लोकांनीं थेट परिचारिकेला बोलवावें, ही रीत तेथें रुजली.

यापुढील पाऊल केंटकीच्या डोंगरांत पडलें. मेरी ब्रेकिनरिज यांनीं आपलीं दोन्हीं अपत्यें गमावलीं होतीं. त्यांनीं इंग्लंडांत जाऊन सुईणीची विद्या संपादन केली, आणि १९२५ सालीं लेस्ली परगण्यांत कामाला आरंभ केला. तेथें धड रस्ते नव्हते. परिचारिका घोड्यावर बसून ओढे-नाले ओलांडीत घरोघर जात. खोगिराच्या दोन्हीं बाजूंच्या पिशव्यांत बाळंतपणाचें साहित्य असे. डॉक्टर जवळ नसतांना कोणत्या लक्षणाला काय करावें, कोणतें औषध द्यावें, याचे लेखी नियम डॉक्टरांच्या समितीनें करून दिले होते. अधिकार कागदावर उतरला तो असा! पहिल्या १००० बाळंतपणांचा हिशेब एका मोठ्या विमा कंपनीच्या तज्ज्ञानें तपासला, तेव्हां गर्भारपण वा प्रसूति या कारणानें एकही माता दगावली नसल्याचें आढळलें.

१९६५ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनीं एक नवा अभ्यासक्रम सुरू केला. त्यांतून ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा वर्ग उदयास आला. रोग्याची तपासणी, निदान आणि औषधयोजना हें सर्व करणारी ती परिचारिका. फोर्डबाई स्वतः खेड्यापाड्यांतून हिंडलेल्या होत्या. या योजनेला डॉक्टरांनीं विरोध केला तसाच खुद्द परिचारिकांच्या शिक्षकवर्गांतूनही झाला.

अशी परिचारिका घरीं आली म्हणजे नाडी आणि छाती तर पाहतेच. शिवाय रुग्णालयांत न दिसणाऱ्या गोष्टीही तिला दिसतात. औषधाची बाटली भरलेलीच आहे, म्हणजे तें घेतलेंच गेलें नाहीं. घरांत पथ्याचें अन्न नाहीं. म्हाताऱ्याला जिना उतरवत नाहीं. यांतील एकेक गोष्ट निदानाइतकीच मोलाची. तरीही अमेरिकेच्या सरकारी वृद्ध-आरोग्यविम्यांत गृहसेवा मंजूर करण्यास २०२० पर्यंत डॉक्टरचीच सही लागे. त्या वर्षीं महामारीच्या काळांत कायदा बदलला, आणि रोग्याला तपासणारीलाच सही करतां येऊं लागली.

आपल्या महाराष्ट्रांतही हाच प्रश्न उभा राहिला होता. गडचिरोली जिल्ह्यांतील ३९ गांवांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवच्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांच्या घरीं पाठविलें. त्या परिचारिका नव्हत्या. पण जंतुदोष ओळखून प्रतिजैविकाचें इंजेक्शन देण्याचें काम त्यांच्या हातीं सोपविलें होतें. नवजात बालकांचा मृत्युदर हजारीं ६२ होता, तो १९९८ पर्यंत सुमारें २५ वर आला. हे निष्कर्ष १९९९ सालीं प्रसिद्ध झाले, आणि २०११ सालापासून सरकारनें ‘आशा’ सेविकांकडून अशा गृहभेटी सुरू केल्या.

श्रोतेहो, अधिकार वाटून दिल्यानें विद्येची अप्रतिष्ठा होते, ही भीति प्रत्येक पिढींत बोलून दाखविली गेली. ती अगदींच खोटी नव्हे. न शिकवितां दिलेला अधिकार घातकच ठरतो. परंतु शिकवून, नियम घालून आणि परिणाम मोजून जेथें तो दिला, तेथें माता वांचल्या आणि बालकें वांचलीं. घरोघर जाणाऱ्या परिचारिकेच्या पिशवींत औषधाबरोबर तें वापरण्याचा अधिकारही असला पाहिजे, हाच या इतिहासाचा बोध होय.