नाणेघाटाचा शिलालेख आणि आपली एसएसडी : नोंद टिकते कशी?

१/ मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून जुनी वाट सह्याद्री चढते आणि घाटमाथ्याशी नाणेघाटाच्या लेण्यापाशी पोहोचते. सातवाहन काळात जुन्नर आणि कोकणातील कल्याण-सोपारा यांना जोडणारा हा व्यापारी मार्ग होता. लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील लेख सुमारे २,००० वर्षे उभा आहे. आज त्याची छायाचित्रे कितीतरी इतिहासप्रेमींच्या एसएसडीमध्ये साठवलेली असतात. ती किती काळ टिकतील, हा या धाग्याचा विषय.

२/ आधी लेखाकडे पाहू. त्यात सातवाहन राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे : गायी, हत्ती, घोडे, कार्षापण. हे आकडे अक्षरांत नव्हे, अंकचिन्हांत कोरले आहेत. दहा, शंभर, हजार यांसाठी स्वतंत्र चिन्हे आहेत, कारण शून्यावर आधारलेली स्थानमूल्य पद्धत येथे दिसत नाही. भारतीय अंकांच्या इतिहासात म्हणूनच या भिंतींना मोठे स्थान आहे.

३/ परंतु हा दगडही अक्षय नाही. लेखाचा बराच भाग झिजला व फुटला आहे. मागच्या भिंतीवर राजपरिवारातील व्यक्तींच्या आठ प्रतिमा होत्या; आज पायांच्या खुणांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. तरीही तेथे कोण होते हे आपल्याला बऱ्याच अंशी कळते, कारण प्रतिमांवरील नामलेखांपैकी काही शाबूत आहेत. सिमुक सातवाहन, देवी नायनिका (आपण जिला नागनिका म्हणतो), श्री सातकर्णी ही नावे तेथे वाचता येतात. मूर्ती गेली, नाव राहिले.

४/ दुसरा आधार नकलांचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम साइक्स या लेण्यात आले आणि लेखाची नक्कल अभ्यासकांपर्यंत पोहोचली. १८७६ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील अंकचिन्हांवर निबंध प्रसिद्ध केला. १८८३ मध्ये ब्यूलर यांचे वाचन छापून आले. तेव्हापासून हा लेख केवळ नाणेघाटात नाही. अनेक ग्रंथालयांत आहे.

५/ आता एसएसडीचा इतिहास. १९६७ मध्ये बेल लॅब्जमधील कांग आणि झे यांनी 'तरंगत्या गेट'ची कल्पना मांडली : निरोधक थराने वेढलेल्या कणभर जागेत इलेक्ट्रॉन अडकवून ठेवायचे, म्हणजे वीज गेली तरी नोंद राहते. १९८० च्या दशकात तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी त्यातून फ्लॅश मेमरी घडवली. १९९१ मध्ये सनडिस्कने २० एमबीची एसएसडी बाजारात आणली. २०२४ मध्ये सॉलिडाइमने १२२.८८ टीबीची एसएसडी जाहीर केली. ३३ वर्षांत साठ लाखांहून अधिक पट वाढ!

६/ ही वाढ कशी झाली? पेशींचे थर एकावर एक रचले गेले. शिवाय एकाच पेशीत अधिक मजकूर कोंबला गेला. नाणेघाटाच्या माथ्यावरचा, जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण डोळ्यांसमोर आणा. रांजण 'भरलेला की रिकामा' एवढेच ओळखायचे असेल तर चूक होणे अवघड. ती एसएलसी पेशी : एक बिट, दोन पातळ्या. टीएलसीमध्ये तीन बिटांसाठी ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, क्यूएलसीमध्ये चार बिटांसाठी १६. रांजण तोच, खुणा दाटीवाटीच्या. थोडेसे झिरपले तरी वाचन चुकते.

७/ वेगाचे गणितही येथेच दडले आहे. इतक्या बारीक पातळ्या अचूक भरायला वेळ लागतो. म्हणून ड्राइव्ह आपला काही भाग तात्पुरता एक-बिटी पद्धतीने वापरतो आणि आलेला मजकूर आधी तेथे उतरवून घेतो. गडाची चार छायाचित्रे क्षणात जातात. शेकडो जीबींचा संग्रह एकदम टाकला की ती जागा भरते आणि वेग घसरतो. काही स्वस्त क्यूएलसी ड्राइव्ह तर अशा वेळी साध्या हार्ड डिस्कच्याही मागे पडतात. वेष्टनावरचा वेग पहिल्या टप्प्याचा असतो.

८/ आयुष्याचे काय? प्रत्येक वेळी पुसून लिहिताना निरोधक थर थोडा झिजतो. एसएलसी पेशी साधारण लाखभर वेळा हे सोसते, टीएलसी काही हजार वेळा, क्यूएलसी हजाराच्या आसपास. ड्राइव्हमधील नियंत्रक ही झीज सर्व पेशींत वाटून देतो. क्षमता मोठी असली की झीज वाटायला जागाही मोठी मिळते. त्यामुळे घरगुती वापरात ही मर्यादा सहसा गाठली जात नाही.

९/ आपला प्रश्न मात्र वापराचा नाही, ठेवणुकीचा आहे. वीजजोडणीविना पडून राहिलेल्या ड्राइव्हमधून इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात. उष्णतेत ते अधिक वेगाने निसटतात. जेडेक या मानक संस्थेची घरगुती एसएसडीकडून अपेक्षा अशी : लेखनाचे ठरलेले आयुष्य संपल्यानंतरही ३० अंश सेल्सिअसला विजेविना एक वर्ष मजकूर टिकावा. नवी एसएसडी वर्षभरात कोरी होते, असा याचा अर्थ नव्हे. ती पुष्कळ अधिक टिकते. पण शहापूर-मुरबाडकडे वैशाखात पत्र्याखालच्या खोलीतील कपाट किती तापते, हे तेथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

१०/ झीज हळूहळू होते, मृत्यू मात्र अचानक येऊ शकतो. २०१९ मध्ये एचपीई कंपनीने आपल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला : अंतर्गत आज्ञावली अद्ययावत केली नाही, तर ३२,७६८ तास चालल्यावर ड्राइव्ह बंद पडेल आणि मजकूर परत मिळणार नाही. म्हणजे सुमारे पावणेचार वर्षे. ही संख्या २ चा १५ वा घात. १६ बिटांच्या चिन्हांकित मोजणीत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येहून फक्त एकने जास्त. एकाच दिवशी सुरू केलेल्या दोन ड्राइव्हवर दोन प्रती असत्या, तर दोन्ही जवळपास एकाच वेळी गेल्या असत्या.

११/ गूगलच्या केंद्रांतील सहा वर्षांच्या माहितीवर आधारित अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्ड डिस्कच्या तुलनेत एसएसडी बदलण्याची वेळ कमी वेळा आली, पण दुरुस्त न होणाऱ्या चुका त्यांत अधिक आढळल्या. ड्राइव्ह चालू असतो, फाइल दिसते, पण उघडत नाही.

१२/ आता शहापूरजवळच्या माहुलीकडे वळू. १६३६ मध्ये शहाजीराजांना मुघल-आदिलशाही फौजांपुढे याच गडावर शरण जावे लागले. गडाचे आज अवशेष उरले आहेत. प्रसंगाचा वृत्तान्त मात्र लाहोरीच्या पादशाहनाम्यात वाचता येतो. त्या फारसी ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती झाल्या आणि एकोणिसाव्या शतकात तो कलकत्त्यात छापला गेला. एका प्रतीला वाळवी लागली असती, तरी मजकूर उरला असता.

१३/ म्हणून एसएसडी कामासाठी वापरावी, एकमेव कोठार म्हणून नव्हे.
• किमान तीन प्रती. त्यांतील एक वेगळ्या प्रकारच्या माध्यमावर, एक वेगळ्या गावी.
• ड्राइव्ह वर्षातून दोनदा तरी जोडून फाइली उघडून पाहाव्यात. शक्य तर चेकसम ताडावेत.
• प्रत काढून पूर्ण होण्याआधी मूळ फाइल पुसू नये. लिहिताना वीज गेली तर अर्धवट फाइल उरू शकते.
• फाइलच्या नावातच गाव, कागदाचा प्रकार व तारीख लिहावी. आपला नामलेख तोच.

१४/ गावोगावच्या पेट्यांत मोडी लिपीतील वतनपत्रे, वाटण्या, पावत्या अजून आहेत. अनेक घरांत त्यांचे छायाचित्र निघाले की मूळ कागदाची काळजी संपते आणि सगळा भार एका ड्राइव्हवर येतो. तुमच्याकडे असा संग्रह असेल, तर या रविवारी त्याची दुसरी प्रत करा, आणि मूळ कागद कोरड्या जागी परत ठेवा.