पुढचं लॉक की मागचं? चिखलात गाडी आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यांसाठी डिफरेन्शियल लॉकची माहिती

माण (ता. मुळशी) : भाताची लावणी सुरू झाली की मुळशीत ट्रॅक्टर खाचरात रुतणं आणि जीप पाणंद रस्त्यावर अडकणं हे नेहमीचंच. माणच्या एका अंगाला हिंजवडीचा आयटी पार्क आणि मेट्रोचा डेपो आला, तरी शेताच्या वाटा पावसाळ्यात चिखलाच्याच असतात. पौडवरून पुढे ताम्हिणीकडे जावं तसा पाऊस वाढतो आणि वाटा आणखी अवघड होतात. दूध वेळेवर पोचवायचं असो की रात्री वाडीवरून पेशंट खाली आणायचा असो, गाडी रुतून चालत नाही.

त्यामुळे फोर बाय फोर जीप घेणारे आणि जुन्या जीपला लॉक बसवू पाहणारे अनेक जण एकच प्रश्न विचारतात. डिफरेन्शियल लॉक पुढच्या चाकांना घ्यायचं की मागच्या?

थोडक्यात उत्तर

- एकच लॉक घ्यायचं असेल तर बहुतेकांसाठी मागचं.
- पुढचं लॉक हे मागच्या लॉकनंतरचं. मोठे दगड, खोल चर आणि उभी चढण असेल तिथेच त्याचा खरा उपयोग.
- लॉक लावून वळायचं नाही आणि डांबरी रस्त्यावर यायचं नाही. गाडीला आणि ट्रॅक्टरला दोघांनाही हा नियम लागू.

डिफरेन्शियल म्हणजे काय?

गाडीच्या मागच्या एक्सलच्या मधोमध जो फुगीर गोल भाग दिसतो, त्याच्या आत डिफरेन्शियल असतं. फोर बाय फोर गाडीत असंच एक पुढच्या एक्सललाही असतं.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचं चाक जास्त अंतर कापतं आणि आतलं कमी. म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरावी लागतात. डिफरेन्शियल ही मोकळीक देतं, म्हणून रस्त्यावर गाडी सहज वळते.

चिखलात मात्र हीच मोकळीक आडवी येते. साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात किंवा हवेत असेल, तर ते फिरवायला फारच थोडा जोर पुरतो. मग घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. परिणाम सगळ्यांनी पाहिलेला आहे. एक चाक गरागरा फिरून चिखल उडवतं, दुसरं जागचं हलत नाही.

लॉक लावलं की दोन्ही बाजूंचे शाफ्ट एकत्र बांधले जातात. दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. एक हवेत असलं तरी दुसरं गाडी ओढतं.

फोर बाय फोर असून गाडी का अडकते?

अनेकांचा समज असतो की फोर बाय फोर टाकलं की चारही चाकं एकत्र बांधली जातात. तसं नाही. साध्या फोर बाय फोरमध्ये जोर पुढच्या आणि मागच्या एक्सलला जातो, पण दोन्ही एक्सलमधली डिफरेन्शियल मोकळीच असतात. पुढचं एक आणि तिरकस बाजूचं मागचं एक चाक हवेत गेलं, की ती दोन चाकं फिरत राहतात आणि गाडी जागेवर थांबते. बांध ओलांडताना किंवा ओढ्यात तिरकं उतरताना नेमकं हेच होतं. लॉकची गरज लागते ती इथे.

मागचं लॉक आधी का?

१. चढावर वजन मागे जातं. गाडी चढू लागली की मागच्या चाकांवर भार वाढतो, पुढची हलकी होतात. ज्या चाकांवर वजन, त्यांचीच पकड. म्हणून मागच्या दोन्ही चाकांना जोर मिळाला तर गाडी चढते. खताची पोती, दुधाचे कॅन किंवा माणसं मागे असतील तर हा फायदा आणखी वाढतो.

२. स्टिअरिंग ताब्यात राहतं. मागचं लॉक लावल्यावर गाडी सरळ जायला बघते, वळायला थोडी जड होते. तरी पुढची चाकं मोकळी असल्यानं दिशा देता येते.

३. मोडतोड कमी. मागची चाकं वळत नाहीत, त्यामुळे तिथे वळणाऱ्या जॉइंटवर ताण येण्याचा प्रश्न नसतो.

४. टू व्हील ड्राइव्हलाही उपयोग. बऱ्याच पिकअप आणि जुन्या जीपमध्ये जोर फक्त मागच्या चाकांना असतो. तिथे पुढच्या लॉकचा काही संबंधच येत नाही.

पुढचं लॉक कधी कामाचं?

पुढचं लॉक वाईट नाही, पण त्याची जागा वेगळी आहे.

- पायरीसारख्या दगडावर चढताना पुढचं एक चाक हवेत राहतं. लॉक असेल तर दुसरं चाक गाडीचं नाक वर ओढून घेतं.
- रिव्हर्समध्ये चढ चढताना वजन पुढच्या चाकांवर येतं. तेव्हा पुढचं लॉक मदत करतं.
- ज्या गाड्यांना पुढे इंडिपेन्डन्ट सस्पेन्शन असतं, त्यांचं पुढचं चाक खड्ड्यात कमी खाली जातं आणि लवकर हवेत उचललं जातं. अशा गाडीत मागचं लॉक आधीच असेल, तर पुढच्या लॉकचा फरक जाणवतो.

तोटे मात्र मोठे आहेत. पुढचं लॉक लावलं की स्टिअरिंग एकदम जड होतं आणि गाडी वळवली तरी सरळच जाते. चाक पूर्ण वळवून जोर दिला, तर पुढचे सीव्ही जॉइंट किंवा शाफ्ट तुटू शकतात. ओढ्याच्या मध्यात शाफ्ट तुटला तर गाडी काढायला जेसीबीच बोलवावा लागतो.

तिरक्या उतारावर सावधान

डोंगराच्या कडेनं जाणाऱ्या तिरक्या, ओल्या वाटेवर लॉक धोक्याचं ठरू शकतं. साध्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक फिरलं तरी दुसरं जमीन धरून ठेवतं. लॉकमध्ये दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडी आडवी खाली घसरते. मागचं लॉक असेल तर शेपूट घसरतं, पुढचं असेल तर तोंडच दरीकडे जातं. अशा जागी लॉक काढून, सावकाश, थोड्या जोरावर जाणंच बरं.

कोणत्या गाडीत काय मिळतं?

- फोर्स गुरखा : ट्रॅक्स बनवणाऱ्या, आकुर्डीत मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सची ही गाडी. पुढचं आणि मागचं अशी दोन्ही लॉक कंपनीकडूनच येतात. दोन वेगळ्या लिव्हर असतात, त्यामुळे कोणतं लॉक कधी लावायचं हे चालकाच्या हातात राहतं.
- महिंद्रा थार : २०२० मध्ये आलेल्या थारच्या काही मॉडेलमध्ये मागचं मेकॅनिकल लॉक मिळतं. याला बटण नाही. एक मागचं चाक दुसऱ्यापेक्षा बरंच जोरात फिरू लागलं की ते आपोआप लागतं. वेग वाढला की ते लागत नाही. जुनी थार घेताना त्या गाडीत हे लॉक आहे की नाही, ते आधी तपासा.
- थार रॉक्स : २०२४ मध्ये आलेल्या या गाडीच्या फोर बाय फोर मॉडेलमध्ये मागचं इलेक्ट्रॉनिक लॉक आहे.
- टोयोटा हायलक्स : यातही मागच्या एक्सललाच लॉक आहे.
- मारुती जिम्नी : लॉक नाही. फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतः ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. हलक्या गाडीला हे बऱ्याच ठिकाणी पुरतं, पण चाक आधी थोडं फिरू द्यावं लागतं.

यातून एक गोष्ट दिसते. कंपन्या एकच लॉक देतात तेव्हा ते मागेच देतात.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांसाठी खास

बहुतेक ट्रॅक्टरला मागच्या चाकांचं डिफरेन्शियल लॉक असतंच. सीटजवळ, पायानं दाबायचं छोटं पेडल असतं. ते कुठे आहे, कसं सुटतं, हे ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं. चिखलणी सुरू होण्याआधी एकदा बघून घ्यावं.

- चाक जोरात फिरत असताना पेडल दाबू नका. आधी क्लच दाबा, चाक थांबू द्या, मग लॉक लावा. फिरत्या चाकावर लॉक लावलं तर आतले दाते तुटतात आणि खर्च मोठा येतो.
- बांधाजवळ वळण्याआधी लॉक सुटल्याची खात्री करा. काही वेळा पेडलवरून पाय काढला तरी ताणामुळे लॉक लगेच सुटत नाही. क्लच दाबून ताण मोकळा करा.
- लॉक लावलेलं असताना एकाच बाजूचा ब्रेक दाबू नका.
- रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडा आणि लॉक काढा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ट्रॅक्टर खोल रुतला असेल आणि मागची चाकं पूर्ण अडकली असतील, तर पुढच्या गिअरमध्ये जोर देऊ नका. चाक फिरू शकलं नाही की ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो मागे उलटतो. चाकाला ओंडका बांधून काढायचा प्रयत्न तर जीवावरच बेततो. आधी रिव्हर्समध्ये बघा, चाकामागची माती काढा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून घ्या. ओढायचा साखळदंड खालच्या ड्रॉबारलाच लावा. एक्सलच्या वर किंवा टॉप लिंकला लावला तर ओढणारा ट्रॅक्टरही उलटू शकतो.

बाहेरून लॉक बसवायचं असेल तर

बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात.

१. हवेवर चालणारं : छोटा कॉम्प्रेसर लागतो. बटणानं लागतं, सुटतं. हवेची नळी फुटली तर काम थांबतं.

२. इलेक्ट्रिक : बटणावर चालतं, कॉम्प्रेसर नको. पाणी आणि चिखलात वायरिंग जपावं लागतं.

३. केबल किंवा लिव्हरचं : साधं, पण केबल गंजते.

४. आपोआप लागणारं : बटणाची भानगड नाही. मात्र काही प्रकार वळणावर टकटक आवाज करतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट हलवतात. असं लॉक पुढच्या एक्सलला बसवलं तर रोजचं चालवणं त्रासाचं होतं.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी राहते का? विमा कंपनीला बदल कळवावा लागतो का? आणि आरटीओचं काय म्हणणं आहे? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. लॉक बसवताना टायरचा आकार किंवा बॉडीही बदलणार असाल, तर हे आधी विचारणं जास्तच गरजेचं.

लॉक वापरायची पद्धत

१. अवघड जागा येण्याआधी थांबा, उतरून वाट बघा.
२. फोर बाय फोर आणि लो गिअर टाका.
३. आधी मागचं लॉक लावा. स्टिअरिंग सरळ ठेवा.
४. तरीही गाडी निघाली नाही तरच पुढचं लॉक लावा, आणि जमेल तितकं सरळच चला.
५. अडचण संपली की आधी पुढचं, मग मागचं लॉक काढा. डॅशबोर्डवरचा दिवा विझल्याशिवाय वळू नका. दिवा लगेच विझला नाही तर गाडी थोडी सरळ पुढे-मागे घ्या.

लॉकच्या आधी हे करा

टायर गुळगुळीत असतील तर दोन्ही लॉक असूनही गाडी चिखलात जागेवरच फिरते. म्हणून पहिला खर्च चांगल्या टायरवर. दुसरा मजबूत दोर आणि शॅकलवर. चिखलात टायरची हवा थोडी कमी केली तरी पकड वाढते, फक्त रस्त्यावर येताच पुन्हा भरावी लागते. गाडीच्या पोटाखालचा भाग चिखलात टेकला असेल, तर कुठलंच लॉक उपयोगी नाही. तिथे फावडंच लागतं.

शेताची वाट, पाणंद आणि कधीतरी पेशंट घेऊन यायचं, एवढंच काम असेल तर चांगले टायर आणि मागचं लॉक पुरे. पुढच्या लॉकचे पैसे दोर, फावडं आणि गाडीच्या सर्व्हिसिंगला वापरले, तर पावसाळ्यात त्यांचा उपयोग जास्त होईल.